द्वीपीय खुजेपणा

द्वीपीय खुजेपणा म्हणजे मुख्य भूमीवरील मोठ्या शरीराच्या प्राण्यांचे वंशज बेटावर विलग झाल्यानंतर पिढ्यानपिढ्या आकाराने लहान होत जाण्याची उत्क्रांतिजन्य प्रक्रिया होय. हत्ती, मॅमथ, पाणघोडे, हरणे, गोवंशीय प्राणी, स्लॉथ, डायनोसॉर आणि बहुधा मानवी कुळातील काही जातींमध्येही ही प्रक्रिया घडल्याचे पुरावे मिळाले आहेत. सिसिली बेटावरील पॅलिओलॉक्सोडॉन फाल्कोनेरी हा खुजा हत्ती तिचे सर्वांत टोकाचे उदाहरण मानला जातो. या हत्तीच्या पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापर्यंतची उंची जेमतेम १ मीटर होती, तर त्याचा पूर्वज असलेला मुख्य भूमीवरील सरळ सुळ्यांचा हत्ती सुमारे ४ मीटर उंच होता.

याच्या उलट, उंदीर-घुशींसारखे लहान प्राणी बेटांवर अनेकदा मोठे होतात. त्या प्रक्रियेला द्वीपीय महाकायता म्हणतात. दोन्ही प्रवृत्ती मिळून होणाऱ्या ढोबळ नियमाला ‘द्वीप नियम’ असे नाव आहे.

केवळ लहान आकार हा द्वीपीय खुजेपणाचा पुरावा नव्हे. आसामातील पिग्मी हॉग हे रानडुक्कर अत्यंत लहान असले तरी ते मुख्य भूमीवरचेच आहे. एखाद्या जातीला या अर्थाने खुजी म्हणण्यासाठी तिचा पूर्वज तिच्याहून मोठा होता आणि घट बेटावर आल्यानंतर झाली, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. फ्लोरेस बेटावरील मानवाविषयीचा वाद याच मुद्द्यावर अडलेला आहे.

संकल्पनेचा इतिहास

भूमध्य समुद्रातील बेटांवर लहान हत्तींची हाडे सापडतात हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शास्त्रज्ञांना माहीत होते. माल्टा बेटावरील अशा अवशेषांचा आरंभीचा अभ्यास ह्यू फाल्कनर या स्कॉटिश पुराजीवशास्त्रज्ञाने केला. फाल्कनरचे आधीचे आयुष्य भारतात गेले होते. तो सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक होता आणि प्रोबी कॉटली याच्यासह त्याने शिवालिक टेकड्यांतील जीवाश्मांवर काम केले होते. नर्मदेच्या गाळात सापडलेल्या अवाढव्य हत्तीचे वर्णन याच दोघांनी केले. हा हत्ती आज पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस या नावाने ओळखला जातो आणि त्याचे अवशेष गोदावरीच्या खोऱ्यातही मिळाले आहेत. नर्मदेचा महाकाय हत्ती आणि भूमध्य समुद्रातील खुजा हत्ती एकाच प्रजातीत मोडतात. फाल्कनरच्या मृत्यूनंतर १८६७ मध्ये जॉर्ज बस्क याने खुज्या हत्तीच्या जातीला त्याचे नाव दिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश पुराजीवशास्त्रज्ञ डोरोथिया बेट हिने सायप्रस, क्रीट आणि मायोर्का या बेटांवरील गुहा पालथ्या घालून खुजे हत्ती, खुजे पाणघोडे आणि मायोट्रॅगस हा शेळ्या-मेंढ्यांच्या कुळातील विलक्षण प्राणी उजेडात आणला. सायप्रसमध्ये पाणघोड्यांची ही हाडे स्थानिक लोक संत फानुरिओस याच्या अस्थी समजत आणि त्यांचा औषधी उपयोग करीत. खुज्या पाणघोड्याच्या प्रजातीचे फानुरिओस हे नाव त्यावरूनच आले.

आकार घटण्याचे कारण बेट हेच आहे, हा विचार ठामपणे मांडणाऱ्यांत फ्रान्झ नोपशा याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ट्रान्सिल्व्हेनियातील (आजचा रुमेनिया) हात्सेग भागात मिळालेले डायनोसॉर इतरत्रच्या त्यांच्या नातलगांहून लहान का, या प्रश्नाचे उत्तर देताना त्याने १९१४ च्या सुमारास असे सुचवले की क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस हा प्रदेश एक बेट होता. त्या काळी या कल्पनेकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. लहान हाडे ही पिलांची असावीत, असा सोपा आक्षेप उपलब्ध होता आणि तो खोडून काढण्याचे साधन नव्हते.

१९६४ मध्ये जे. ब्रिस्टल फॉस्टर याने बेटांवरील सस्तन प्राण्यांच्या ११६ समूहांची मुख्य भूमीवरील नातलगांशी तुलना केली. कृंतक प्राणी बहुधा मोठे झालेले, तर समखुरी व मांसाहारी प्राणी बहुधा लहान झालेले त्याला आढळले. १९७३ मध्ये ली व्हॅन व्हेलन याने या निरीक्षणाला नियमाचा दर्जा दिला.

कारणे

बेटावर प्राण्याच्या आकारावर परिणाम करणारे घटक प्रामुख्याने तीन आहेत: अन्न, भक्षक आणि स्पर्धक. बेटाचे क्षेत्रफळ मर्यादित असल्याने चाराही मर्यादित असतो आणि तो संपल्यास दुसरीकडे स्थलांतर करता येत नाही. मोठ्या शरीराला एकूण अन्न अधिक लागते. त्यामुळे दुष्काळाच्या वर्षी कमी अन्नावर तग धरणारी लहान शरीराची जनावरे वाचतात आणि त्यांचीच संतती पुढे टिकते. मुख्य भूमीवर मोठ्या आकाराचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे सिंह, तरस, लांडगे यांच्यापासून मिळणारे संरक्षण. मोठे मांसाहारी प्राणी समुद्र ओलांडून क्वचितच पोहोचतात आणि पोहोचले तरी लहान बेटावर त्यांची संख्या टिकण्याइतकी भक्ष्ये नसतात. भक्षकच नसतील तर मोठ्या शरीराचा खर्च तेवढा उरतो, लाभ नाहीसा होतो.

या तिन्ही घटकांचा प्रभाव सिसिलीत जणू प्रयोग मांडल्यासारखा दिसतो. तेथे सरळ सुळ्यांचा हत्ती एकाहून अधिक वेळा पोहोचला. पहिल्या खेपेस बेटावर मोठे भक्षक नव्हते, चाऱ्यासाठी स्पर्धा करणारी हरणेही नव्हती. त्या हत्तींचे वंशज १ मीटर उंचीपर्यंत घटले आणि त्यांचे वजन पूर्वजाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शावर आले. नंतरच्या खेपेस बेटावर हरणे, गवे, सिंह आणि तरस होते. या वेळचा हत्तीही खुजा झाला, परंतु त्याची उंची २ मीटरच्या आसपास राहिली. पूर्वज एकच आणि बेटही तेच होते, पण सोबतचे प्राणी बदलल्याने आकार वेगळा झाला.

तथापि परिस्थिती सारे ठरवीत नाही. बेटावर कोण पोहोचतो, हेच मुळी त्या प्राण्याच्या शरीरावर व वंशाच्या इतिहासावर अवलंबून असते. हत्ती उत्तम पोहतात आणि सोंडेमुळे त्यांना खोल पाण्यातही श्वास घेता येतो. अंदमानात लाकूडकामासाठी नेलेल्या हत्तींनी समुद्रात पोहल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. हत्ती, पाणघोडे आणि हरणे हीच त्रयी जगभरच्या बेटांवर पुन्हा पुन्हा खुजी झालेली का आढळते, याचे निम्मे उत्तर त्यांच्या पोहण्यात आहे.

वाढ आणि शरीररचना

खुजा प्राणी ही त्याच्या पूर्वजाची प्रमाणबद्ध छोटी प्रतिकृती नसते. शरीराची लांबी निम्मी झाली तर वजन सुमारे आठव्या हिश्शावर येते. त्यामुळे भार पेलणाऱ्या हाडांना पूर्वीइतके जाड असण्याची गरज उरत नाही आणि पायांची ठेवण बदलते. दात मात्र शरीराइतक्या वेगाने घटत नाहीत. म्हणून एकट्या दाढेवरून काढलेला शरीराच्या आकाराचा अंदाज चुकण्याचा संभव असतो.

सिसिलीच्या खुज्या हत्तीची कवटी प्रौढपणीही पूर्वजाच्या पिलासारखी गोलसर दिसते आणि शरीराच्या मानाने त्याचा मेंदू मोठा होता. हत्तीच्या कवटीत सोंडेसाठी मध्यभागी एकच मोठे छिद्र असते. १९१४ मध्ये ओथेनिओ आबेल याने असे सुचवले की ग्रीक पुराणकथांतील एकाक्ष राक्षसाची कल्पना अशा कवट्या पाहून सुचली असावी. ही कल्पना लोकप्रिय आहे. तिला प्राचीन लेखनाचा आधार मात्र नाही.

प्राणी लहान कसा होतो, याचे तत्त्वतः दोन मार्ग संभवतात. वाढीचा वेग कायम ठेवून ती लवकर थांबवता येते किंवा वाढीचा काळ कायम राखून वेग मंदावता येतो. यांपैकी कोणता मार्ग घेतला गेला, हे हाडांच्या सूक्ष्मरचनेवरून कळते. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे अनेक प्राण्यांच्या हाडांतही वाढ थांबल्याच्या वार्षिक रेषा उमटतात. त्या मोजून वय आणि रेषांमधील अंतरावरून वाढीचा वेग काढता येतो. हाडाच्या बाहेरील थरात रेषा दाटीने आल्या असतील तर प्राणी पूर्ण वाढलेला होता, असे समजतात.

या पद्धतीनेच नोपशाचा दावा सुमारे शतकानंतर तपासला गेला. हात्सेगच्या मॅग्यारोसॉरस या सुमारे ६ मीटर लांबीच्या डायनोसॉरची हाडे पूर्ण वाढलेल्या प्राण्यांची असल्याचे २०१० मध्ये दाखवण्यात आले. याच्या काही वर्षे आधी जर्मनीतील युरोपासॉरस या ज्युरासिक काळातील, तेवढ्याच लांबीच्या डायनोसॉरबाबतही असाच निष्कर्ष निघाला होता. दोन्ही ज्या गटातील आहेत, त्या गटातील इतर डायनोसॉर २० मीटरहून अधिक लांब होत.

दीर्घकाळ असे मानले जात होते की खुजे प्राणी लवकर वयात येतात, भराभर पिले देतात आणि लवकर मरतात, कारण मुख्य भूमीवरील लहान प्राणी साधारणतः तसेच जगतात. हाडांच्या अभ्यासाने हे गृहीतक डळमळीत झाले. मायोर्का व मिनोर्का बेटांवरील मायोट्रॅगस या सुमारे अर्धा मीटर उंचीच्या प्राण्याच्या हाडांत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हाडांसारख्या वाढरेषा २००९ मध्ये आढळल्या. मेस्के कोलर आणि साल्व्हाडोर मोया-सोला यांच्या या अभ्यासानुसार मायोट्रॅगसची वाढ अत्यंत संथ असे, अन्न कमी पडले की ती थांबे आणि पूर्ण वाढीस १२ वर्षांपर्यंत लागत. एवढ्या आकाराचे मुख्य भूमीवरील जनावर याच्या कितीतरी आधी प्रौढ होते. सिसिलीच्या खुज्या हत्तीच्या हाडांवरील २०२१ च्या अभ्यासातही हेच चित्र दिसले. हा हत्ती सुमारे १५ व्या वर्षी प्रौढ होई आणि तपासलेल्यांपैकी एक किमान ६८ वर्षे जगला होता. म्हणजे शरीर शेळीएवढे नसले तरी फार तर एखाद्या तट्टाएवढे झाले, पण आयुष्य हत्तीचेच राहिले. वंशाच्या इतिहासाचा ठसा किती खोलवर असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

मायोट्रॅगसमध्ये इतरही बदल झाले. त्याचे डोळे चाऱ्यावर जगणाऱ्या प्राण्यांप्रमाणे बाजूला नसून समोर वळलेले होते आणि खालच्या जबड्यात कृंतकांसारखे सतत वाढणारे पटाशीचे दात होते. तशाच शरीराच्या मुख्य भूमीवरील प्राण्यांच्या तुलनेत त्याचा मेंदू सुमारे निम्मा होता. भक्षकांचे भय नसल्याने चौफेर नजर व चपळता यांवर शक्ती खर्च करण्याचे कारण उरले नव्हते. त्याच्या पायांची खालची हाडे आखूड होती व काही एकमेकांत जोडलेली होती. अशा पायांनी वेगात पळता येत नाही. खडकाळ उतारावर सावकाश, न घसरता चालता येते. पॉल सोंडार या डच शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बेटांवरील प्राण्यांच्या या चालीकडे लक्ष वेधले. सायप्रसच्या खुज्या पाणघोड्याचे पायही याच कारणाने पाण्यापेक्षा डोंगरासाठी अधिक योग्य बनले होते.

परिस्थितीचा थेट परिणाम आणि उत्क्रांती

उपाशी पिलू लहानच राहते, पण त्याला उत्क्रांती म्हणत नाहीत. पोटभर अन्न मिळाल्यास त्याच्या पुढच्या पिढीचा आकार पूर्ववत होऊ शकतो. बेटावरील लहान आकार कितपत आनुवंशिक आहे आणि कितपत त्या परिस्थितीचा तात्कालिक परिणाम आहे, हे जीवाश्मांवरून सांगणे कठीण असते. जिवंत प्राण्यांवरील दोन अभ्यास या संदर्भात महत्त्वाचे आहेत.

स्कॉटलंडजवळील सेंट किल्डा द्वीपसमूहातील हिर्टा बेटावर सोए जातीच्या मेंढ्या मोकाट राहतात आणि १९८५ पासून त्यांची नियमित मोजमापे घेतली जात आहेत. या मेंढ्या वर्षानुवर्षे लहान होत असल्याचे आढळले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने दाखवले की यात नैसर्गिक निवडीचा वाटा अल्प होता. हिवाळे सौम्य झाल्याने पूर्वी मरून गेली असती अशी संथ वाढणारी कोकरेही जगू लागली आणि कळपाचा सरासरी आकार घटला.

ऑस्ट्रेलियातील टायगर स्नेक या विषारी सापाचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. या सापांचा आकार बेटागणिक लहान वा मोठा असतो आणि तो तेथील भक्ष्याच्या आकाराशी जुळतो. पर्थजवळील कार्नाक बेटावर हे साप समुद्रपक्ष्यांची मोठी पिले गिळतात. या बेटावरील सापाच्या पिलांना प्रयोगशाळेत मोठे भक्ष्य दिल्यावर त्यांचे जबडे अधिक वाढले. मुख्य भूमीवरील सापांच्या पिलांत हा फरक पडला नाही. अन्नाप्रमाणे जबडा वाढवण्याची क्षमताच येथे उत्क्रांत झाली असावी. परिस्थिती आणि आनुवंशिकता यांना परस्परविरोधी कारणे समजणे किती अपुरे आहे, हे यावरून दिसते.

वेग

आकारातील घट भूवैज्ञानिक दृष्टीने फार जलद होऊ शकते. इंग्लिश खाडीतील जर्सी हे आज बेट असले तरी हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली की ते फ्रान्सला जोडले जाई. गेल्या उष्ण आंतरहिमकाळात, सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी, पाणी चढून ते विलग झाले आणि तेथे अडकलेल्या तांबड्या हरणांचे वजन ६,००० वर्षांहून कमी काळात मूळच्या एक-षष्ठांशावर आले. हा निष्कर्ष एड्रियन लिस्टर याने १९८९ मध्ये मांडला. समुद्र पुन्हा ओसरल्यावर ही खुजी हरणे नाहीशी झाली.

सायबेरियाच्या उत्तरेकडील रँगल बेटावर मॅमथ सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे इजिप्तमधील पिरॅमिड बांधले गेल्यानंतरही, जिवंत होते. १९९३ मध्ये त्यांना खुजे ठरवण्यात आले आणि अनेक पुस्तकांत आजही तसेच छापले जाते. पुढील अभ्यासांत त्यांचा आकार मुख्य भूमीवरील उत्तरकालीन मॅमथांहून फारसा वेगळा नसल्याचे दिसून आले. खरे खुजे मॅमथ क्रीटमध्ये (उंची सुमारे १.१ मीटर) आणि कॅलिफोर्नियाच्या चॅनल द्वीपसमूहात होऊन गेले.

फ्लोरेस

इंडोनेशियातील फ्लोरेस हे बेट या विषयातील सर्वांत वादग्रस्त स्थळ आहे. तेथे स्टेगोडॉन हा हत्तींचा दूरचा नातलग खुजा झाला होता, तर उंदीर आणि करकोचे महाकाय होते. कोमोडो ड्रॅगनही याच परिसरात राहतो, परंतु तो बेटावर येऊन मोठा झाला असे म्हणता येत नाही. त्याचे तेवढेच मोठे जीवाश्म ऑस्ट्रेलियात सापडले असून तो आधीपासूनच मोठा होता.

२००३ मध्ये लिआंग बुआ या गुहेत सुमारे १.०६ मीटर उंचीच्या प्रौढ स्त्रीचा सांगाडा मिळाला आणि पुढील वर्षी होमो फ्लोरेसिएन्सिस या नव्या जातीची घोषणा झाली. तिचा मेंदू सुमारे ४०० घन सेंटिमीटर, म्हणजे आधुनिक मानवाच्या मेंदूच्या एक-तृतीयांशाहूनही लहान होता. काहींनी हा आजारी आधुनिक मानव असल्याचा दावा केला. मनगटाची पुरातन धाटणीची हाडे आणि माता मेंगे येथील सुमारे ७,००,००० वर्षांपूर्वीच्या तितक्याच लहान जबड्याचा व दातांचा शोध (२०१६ मध्ये प्रसिद्ध) यांमुळे तो दावा आता मागे पडला आहे.

उरलेला वाद पूर्वजाविषयी आहे. पूर्वज होमो इरेक्टस असेल तर हा द्वीपीय खुजेपणाच ठरतो, कारण इरेक्टसची उंची आधुनिक मानवाच्या जवळपास होती. पूर्वज आफ्रिकेतून आलेला, मुळातच लहान चणीचा एखादा प्राचीन मानव असेल तर घट किरकोळ ठरते. शरीराच्या घटीने मेंदू एवढा लहान होणार नाही, हा पहिल्या पक्षावरील मुख्य आक्षेप होता. २००९ मध्ये एलेनॉर वेस्टन आणि लिस्टर यांनी मादागास्करच्या नामशेष खुज्या पाणघोड्यांचा मेंदू अपेक्षेहून ३० टक्क्यांपर्यंत लहान असल्याचे दाखवले, तेव्हा या आक्षेपाची धार कमी झाली. माता मेंगेच्या दातांचे साम्यही इरेक्टसच्या बाजूने जाते. तरीही प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही.

लिआंग बुआजवळील रामपासासा गावात आजही ठेंगणे लोक राहतात. २०१८ मध्ये त्यांच्या जनुकांच्या अभ्यासात होमो फ्लोरेसिएन्सिसचा कोणताही अंश आढळला नाही. त्यांची कमी उंची आधुनिक मानवात आधीपासून असलेल्या जनुकीय भेदांवरील निवडीतून स्वतंत्रपणे आलेली आहे.

नियमाविषयीचे मतभेद

द्वीप नियम कितपत सार्वत्रिक आहे, यावर एकमत नाही. शाय मेइरी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असा आक्षेप घेतला की मोजक्या वंशांतील ठळक उदाहरणे बाजूला काढली तर नियम सस्तन प्राण्यांत विरळच दिसतो. आकार कोणत्या दिशेने बदलेल, हे प्राण्याच्या वंशावर अधिक अवलंबून असते. २०२१ मधील मोठ्या विश्लेषणात मात्र सस्तन प्राणी, पक्षी व सरपटणारे प्राणी यांत नियमास पाठबळ मिळाले. उभयचरांत ते मिळाले नाही.

मानवाचे आगमन

बहुतेक खुज्या जाती आज अस्तित्वात नाहीत. सुमारे ५० लाख वर्षे टिकून राहिलेला मायोट्रॅगस बालेरिक बेटांवर माणूस पोहोचल्याच्या सुमारास नाहीसा झाला. ज्या गुणांनी या प्राण्यांना बेटावर तगवले, तेच माणसापुढे घातक ठरले: संथ चाल, भयाचा अभाव आणि विलंबाने येणारे प्रौढत्व. वर्षाकाठी थोडीच पिले वाढणाऱ्या कळपातून दर पिढीत काही जनावरे मारली गेली तरी तूट भरून निघत नाही. २०२३ मध्ये रोबेर्तो रोझ्झी आणि सहकाऱ्यांनी बेटांवरील नामशेष व हयात सस्तन प्राण्यांची एकत्र छाननी केली. मुख्य भूमीवरील नातलगांपासून आकाराने जितके दूर गेलेले प्राणी, तितका त्यांच्या नामशेष होण्याचा धोका अधिक असल्याचे त्यांना दिसले. आधुनिक मानवाच्या आगमनानंतर बेटांवरील सस्तन प्राणी नामशेष होण्याचा दर दहापटींहून अधिक वाढला होता.

हयात खुज्या प्राण्यांत फ्लोरिडातील की हरीण, फिलिपीन्सच्या मिंदोरो बेटावरील तामाराव ही रानम्हैस आणि कॅलिफोर्नियाच्या चॅनल बेटांवरील घरगुती मांजरापेक्षाही लहान कोल्हा यांचा समावेश होतो. या कोल्ह्यावर १९९० च्या दशकात अनपेक्षित संकट आले. डीडीटीमुळे बेटांवरील मासेखाऊ गरुड नष्ट झाले होते आणि मोकाट डुकरांच्या आमिषाने मुख्य भूमीवरून सोनेरी गरुड येऊन स्थायिक झाले. आकाशातून येणाऱ्या शत्रूची सवय नसलेले कोल्हे काही वर्षांतच नामशेष होण्याच्या टोकाला पोहोचले. डुकरे हटवून, सोनेरी गरुड पकडून परत नेऊन आणि पिंजऱ्यात पैदास करून त्यांची संख्या सावरण्यात आली. २०१६ मध्ये तीन बेटांवरील कोल्हे अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळण्यात आले.

पनामातील एस्कुदो दे व्हेराग्वास हे लहानसे बेट सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मुख्य भूमीपासून तुटले. तेथील खुजा तीनबोटी स्लॉथ ही स्वतंत्र जात असल्याचे २००१ मध्ये नोंदवले गेले. ही जात जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही आणि ती अतिसंकटग्रस्त वर्गात मोडते.